शुगर असेल तर छातीत कळ यायची वाट बघू नका

आमच्या मामांची शुगर पंधरा वर्षांची जुनी. रोज सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाला चक्कर असायची, पण दिवाळीनंतर शालिनी पॅलेसजवळ आले की कट्ट्यावर टेकायला लागले, विचारलं तर म्हणायचे वय झालं रे. छातीत एकदाही दुखलं नाही. मग एका सकाळी दरदरून घाम आला, मळमळलं, घरात ठरलं की रात्रीचा तांबडा रस्सा बाधला, मामींनी जिऱ्याचं पाणी दिलं आणि विषय संपला. दोन दिवसांनी ईसीजी काढला तर अटॅक येऊन गेलेला!

असं का होतं? रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं, ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं आणि त्यानं नळी सैल होते (या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं). शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे काम बिघडतं, वाहिनी आखडते, चरबीचा थर धरतो. वर नसा पण बधिर होतात. कसं, पायातलं कोल्हापुरी चप्पल निसटलं तरी काहींना कळत नाही ना, तसंच हृदयाकडून दुखणं सांगणाऱ्या नसांचं होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्वतःचा दम मोजा. दर महिन्याला एकच ठरलेली चक्कर किंवा घरचा जिना घ्या, किती वेळ लागला, कुठं थांबलो, तारीख टाकून वहीत लिहा. दोन महिन्यांपूर्वी न थांबता जात होतो आणि आता दोनदा टेकावं लागतंय, तर वयावर ढकलू नका, वही घेऊन डॉक्टरकडं जा. मला विचाराल तर ही वही लय कामाची, कारण डॉक्टरनं "दम लागतो का" विचारलं की आपली माणसं हमखास नाही म्हणतात.

मग घरच्या मशीनवर बीपी. पाच मिनिटं आडवं पडून राहा आणि मग बीपी घ्या, नंतर उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल किंवा निवांत बसून नाडी सारखी १०० च्या वर असेल तर नसांवर परिणाम झालेला असू शकतो, डॉक्टरला सांगा.

लॅबमध्ये एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तर कराच, पण लघवीतल्या अल्बुमिनची (एक प्रथिन) तपासणी वर्षातून एकदा मागून घ्या, ही बरेच जण सोडतात. लघवीतल्याच क्रिएटिनिनशी (शरीरातला एक टाकाऊ पदार्थ) तुलना करून आकडा ३० च्या आत पाहिजे. वर गेला तर किडनीबरोबर सगळ्याच रक्तवाहिन्यांची शंका येते. पुरुषांनो, ताठरता कमी झाली असेल तर तेही लाजू नका, सांगा, कारण बारीक वाहिन्या आधी बोलतात.

सगळ्यांनी सरसकट मोठं पॅकेज घ्यायची गरज नाही. बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्तही होऊ नका, स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) किंवा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागते का ते तुमची वही आणि रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. ॲस्पिरिन (रक्त पातळ करणारी गोळी) मात्र शेजाऱ्याचं बघून सुरू करू नका.

आणि अचानक घाम, मळमळ, जबडा किंवा हात जड, न चालता दम असं झालं तर? शुगर उतरल्यावर पण घाम येतो, त्यामुळं ग्लुकोमीटरवर पटकन बघा, ७० च्या खाली असेल तर साखर द्या. शुगर ठीक असेल किंवा साखर देऊनही बरं वाटत नसेल तर लगेच ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर लावा, आणि मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नका, आधी फोन. टू-व्हीलरवर मागं बसवून तर अजिबात नेऊ नका. मामांनी हा नंबर फ्रीजवर खडूनं लिहिलाय, मामी पुसतात, ते परत लिहितात.