घरातल्या कामांसाठी नेमके फ्रेजल व्हर्ब कसे निवडावे

मराठीत ‘काढणे’ घरभर चालते. शर्ट काढतो, कचरा बाहेर काढतो, भिंतीवरची तसबीर काढतो, दोरीवरचे वाळलेले कपडे काढतो. इंग्रजीतही या चारही ठिकाणी ‘टेक’च चालते, पण पुढचा छोटा शब्द बदलतो: शर्ट ‘टेक ऑफ’, कचरा ‘टेक आउट’, तसबीर ‘टेक डाउन’, दोरीवरचे कपडे ‘टेक इन’. क्रियापद आणि असा छोटा शब्द यांची जोडी म्हणजे फ्रेजल व्हर्ब, आणि त्यात खरे काम तो छोटा शब्द करतो. म्हणून निवडही तिथूनच सुरू करावी.

१. आधी वस्तूचे काय झाले ते पाहा. अंगावरून सुटली तर ऑफ, आतून बाहेर गेली तर आउट, वरून खाली आली तर डाउन. ‘ठेव’ म्हणतानाही हाच प्रश्न विचारा. हातातली पिशवी खाली ठेवणे म्हणजे ‘पुट डाउन’, धुतलेली भांडी कपाटात जागच्या जागी लावणे म्हणजे ‘पुट अवे’ आणि घेतलेली कात्री होती तिथेच परत ठेवणे म्हणजे ‘पुट बॅक’.

२. ‘बंद कर’ला थांबा, कारण इथे चूक सहज होते. पंखा, दिवा, गॅस आणि नळ ‘टर्न ऑफ’ होतात. ‘स्विच ऑफ’ फक्त विजेच्या वस्तूंना लागते, नळाला नाही. दार, खिडकी, डबा यांना साधे ‘क्लोज’ किंवा ‘शट’ पुरते. ‘क्लोज द फॅन’ आणि ‘ओपन द टॅप’ ही सरळ मराठीची भाषांतरे आहेत. नळ सोडायचा तर ‘टर्न ऑन’. आच किंवा आवाज नुसता कमी करायचा असेल तर ‘टर्न डाउन’.

३. वस्तूऐवजी ‘इट’ आले की जागा तपासा. ‘टर्न ऑफ द गॅस’ आणि ‘टर्न द गॅस ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘टर्न इट ऑफ’ एवढेच बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक. सगळी क्रियापदे अशी मधोमध फुटत नाहीत. बाळाला सांभाळणे ‘लुक आफ्टर’, आणि तिथे ‘लुक आफ्टर हिम’ असेच म्हणतात.

४. कोणी केले की आपोआप झाले? ‘दूध उतू गेले’ याला अगदी चपखल जोड आहे: ‘द मिल्क बॉइल्ड ओव्हर’. ओव्हर म्हणजे काठावरून. पाणी उकळून पार आटले तर ‘बॉइल्ड अवे’. साखर संपली तर ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. ‘गो ऑफ’ मात्र फसवे आहे: दिवा ‘वेंट ऑफ’ म्हणजे विझला, गजर ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजला आणि ब्रिटिश इंग्रजीत दूध ‘वेंट ऑफ’ म्हणजे नासले.

यंत्र चालता चालता बंद पडले तर ‘ब्रोक डाउन’. कप फुटला तर नुसते ‘ब्रोक’.

‘वॉश अप’ जपून वापरा. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ भांडी घासणे, अमेरिकेत हात-तोंड धुणे. ‘वॉश द डिशेस’ दोन्हीकडे कळते.

वहीत नुसते ‘टर्न ऑफ’ लिहू नका. ‘टर्न द टॅप ऑफ, टर्न इट ऑफ’ अशी जोडी वस्तूसकट लिहा आणि मोठ्याने म्हणा. ‘इट’ हलके, जोर ‘ऑफ’वर.