पोस्टर आधी नवरा वाचणार, हे धरूनच लिहा

महिला समुपदेशन केंद्रासाठी पोस्टर, व्हॉट्सॲप मेसेज, रील असलं काम ज्यांच्या अंगावर येतं त्यांच्यासाठी लिहितेय. मी काही डिझायनर नाही, केंद्रात फोन उचलता उचलता हे गळ्यात पडलं, त्यामुळे रंगसंगती वगैरे मला विचारू नका.

पहिला मुद्दा फोनचा. फोन तिचा आहे असं आपण समजून चालतो आणि तिथेच फसतो, घरात स्मार्टफोन एकच असतो, नाहीतर तिचा असला तरी पासवर्ड नवऱ्याला पाठ आणि रिचार्ज दीर मारतो. सुरुवातीला मी एका ताईंना सकाळी सकाळी मेसेज टाकला, "काल म्हणालात त्या मारहाणीचं काय झालं, आज येताय ना?" वाचला नवऱ्याने. त्या पुढे तीन आठवडे आल्या नाहीत, आल्या तेव्हा मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा की न विचारता मेसेज नाही आणि फोनही नाही. पहिल्या भेटीतच विचारून घ्यायचं, किती वाजता, कुठल्या नंबरवर, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर आपण कोण म्हणून बोलायचं. वाक्य तिलाच ठरवू द्या, तिच्या घरात काय खपतं ते तिला माहीत. कुणी "ब्लाउज शिवून झालाय" निवडते, कुणी "बचत गटाची मीटिंग आहे, पासबुक घेऊन या", म्हणजे कागदपत्रं घेऊन या.

आता पोस्टर. चौकात मोठा फ्लेक्स लावला की पुढाऱ्याचा फोटो छान येतो, पण त्याच्यासमोर उभं राहून नंबर लिहून घेणारी बाई मी अजून बघितलेली नाही. दवाखान्यातल्या लेडीज टॉयलेटच्या दाराला आतून लावा, पिको-फॉलच्या दुकानात, गिरणीत लावा. खाली फाडून न्यायच्या पट्ट्या ठेवा, पट्टीवर फक्त नंबर, केंद्राचं नाव नको. आणि लावतानाच दोन पट्ट्या आपणच फाडून टाका, कारण पहिली पट्टी फाडायला कुणाचाच हात धजत नाही. दवाखाना मुद्दाम म्हणतेय, बाई पोलिसात जात नाही पण "बाथरूममध्ये पडले" सांगून ड्रेसिंगला येते, मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात २००० साली छळ सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा नावाचं केंद्र सुरू झालं ते हेच ओळखून.

मग शब्द. "आपण कौटुंबिक हिंसाचाराच्या बळी आहात का?" याला हो म्हणणारी बाई सापडणार नाही. ती म्हणते "घरात कटकट आहे", "त्रास देतात", "तसा चांगलाय पण प्यायला की हात उचलतो". मग तेच लिहा ना. पगार काढून घेतो का? माहेरी फोन करू देत नाही का? येताजाता घालूनपाडून बोलतात का? २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक, शाब्दिक, मानसिक छळही धरलाय, नुसती मारहाण नाही, आणि तो फक्त बायकोसाठी नाही, आई, बहीण, विधवा भावजय, लिव्ह-इनमधली मुलगी सगळ्यांना लागू आहे. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी ना मदत मागितली ना कुणाला सांगितलं. त्यामुळे "आवाज उठवा" असल्या घोषणा जरा बाजूला ठेवा, ती आवाज उठवायला नाही, आधी नुसतं विचारायला येणार आहे.

कायद्याचं लिहायचं तर तिला अडवणारी भीती हेरून लिहा. बऱ्याच जणींना नवऱ्याला जेलमध्ये टाकायचंच नसतं, फक्त मार थांबायला हवा असतो. त्यांना सांगा की घटस्फोट न घेताही संरक्षणाचा आदेश मागता येतो, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहत्या घरातून असंच कुणी हाकलू शकत नाही, आणि सरकारकडून वकिलाची मदत बाईला उत्पन्न न बघता फुकट मिळते. पोस्टमध्ये अजून नवऱ्याकडच्यांनी केलेल्या छळाचं जुनं कलम ४९८अ फिरतंय तेही बदला, १ जुलै २०२४ पासून घडलेल्या प्रकरणांना भारतीय न्याय संहितेचं ८५ कलम लागतं.

फोटोत सुजलेला डोळा, कोपऱ्यात बसलेली बाई, भिंतीवर मुठीची सावली, हे बंद करा प्लीज. ज्यांना असं दिसण्याइतकं मारलेलं नाही त्यांना वाटतं आपलं काही एवढं नाही. आणि खरी गोष्ट सांगायची तर नुसता चेहरा ब्लर करून भागत नाही. मागच्या दाराचं तोरण, मुलाचा युनिफॉर्म, "तालुक्यातली ३२ वर्षांची शिक्षिका", एवढ्यावर अख्खा गाव नाव सांगतो. परवानगी एकदा घेतली तरी आठ दिवसांनी परत विचारा, केंद्रात समोर बसून हो म्हणणं आणि घरी गेल्यावर हो म्हणणं यात फरक असतो. नाही म्हणाली तर पोस्ट उडवा, किती लाइक आलेत ते बघत बसू नका.

छापायला टाकायच्या आधी नंबर स्वतः लावून बघा, तोही रविवारी रात्री नऊला. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) खाली टाकाच, आपला उचलला नाही तर तिला दुसरा दिसला पाहिजे. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर बायकांवरच्या हिंसेविरुद्धचे सगळ्यांचे पंधरवडे जोरात असतात, तेव्हा कोण फोनवर बसणार ते आधी ठरवा, पोस्टर त्याच्यानंतर.