पेटंटसाठी सीक्वेन्स लिस्टिंग कशी करायची: आधी हायलायटर, मग सॉफ्टवेअर

बडोद्याला दांडिया बाजारात आमचं छोटंसं ऑफिस आहे, तिथे बायोटेकवाली पोरं पेटंटचा ड्राफ्ट घेऊन येतात आणि बहुतेक सगळे विचारतात, काका ती सीक्वेन्सची फाइल शेवटी करू ना? नका करू. ही सीक्वेन्स लिस्टिंग म्हणजे अर्जातल्या डीएनए, आरएनए आणि प्रोटीनच्या अक्षरांच्या रांगांची (सीक्वेन्सची) वेगळी यादी. शेवटच्या रात्री घाईत केली की हमखास काहीतरी सुटतं, आणि फाइलिंग झाल्यावर नवीन सीक्वेन्स घुसवायला गेलात तर हे तर मूळ अर्जात नव्हतंच असा आक्षेप येतो.

आधी नियम सांगतो. १ जुलै २०२२ पासून वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) एसटी.२६ स्टँडर्ड लागू आहे, म्हणजे फाइल एक्सएमएल या टॅगवाल्या फॉर्मॅटमध्ये, जुनी एसटी.२५ ची टेक्स्ट फाइल नाही. यात तारीख फाइलिंगची बघतात, प्रायॉरिटीची (त्याच शोधाच्या आधीच्या अर्जाची) नाही, त्यामुळे प्रायॉरिटी अर्जाला जुना फॉर्मॅट लावला असेल तरी आता पीसीटी (आंतरराष्ट्रीय अर्ज) करताना नवीनच लागतो.

आता काम. ड्राफ्टची प्रिंट काढा, हायलायटर घ्या आणि पहिल्या पानापासून क्लेम्सपर्यंत (पेटंटने कशावर हक्क मागितलाय ते कलम) जिथे जिथे सीक्वेन्स अक्षरांत लिहिलाय तिथे रंगवा, टेबलं आणि ड्रॉइंगसुद्धा. डीएनए-आरएनएमध्ये १० किंवा जास्त आणि प्रोटीन-पेप्टाइडमध्ये ४ किंवा जास्त ठरलेली अक्षरं असतील तर तो लिस्टिंगमध्ये हवाच, तुमचा शोध असो की आधीपासून माहीत असलेला असो. एन (कोणताही बेस, म्हणजे डीएनएचं अक्षर) आणि एक्स (कोणतंही अमिनो अ‍ॅसिड, म्हणजे प्रोटीनचं अक्षर) ही अक्षरं या मोजणीत धरत नाहीत. याहून छोटे असतील ते टाकायचेच नाहीत, तशी मनाई आहे.

सगळ्यात जास्त सुटतं ते इथे. एका मुलाने मोठी प्रोटीन सगळी नीट घेतली होती पण मजकुरात सहा हिस्टिडिनचा टॅग (प्रोटीनला जोडलेलं छोटं शेपूट) वेगळा लिहिलेला होता तो राहिला, त्याला वाटलं एवढंसं काय धरायचं, पण सहा म्हणजे चारपेक्षा जास्त ना! चार ग्लायसिन आणि एक सेरीनचा लिंकर (दोन भाग जोडणारा तुकडा), तोही हवा. वीस बेसचा प्रायमर (डीएनएच्या कॉपी काढायला लागणारा छोटा तुकडा) हवा. आर-जी-डी हा पेप्टाइड मात्र तीनच अक्षरांचा, तो नको.

रंगवून झाले की प्रत्येक सीक्वेन्सला क्रमाने सीक आयडी नंबर (त्याचा ओळख क्रमांक) द्या आणि तेच नंबर मजकुरात, क्लेम्समध्ये लिहा.

मग वायपो सीक्वेन्स हे सॉफ्टवेअर उघडा, वायपोच्या साइटवर फुकट मिळतं. नवीन प्रोजेक्ट, अर्जदार, टायटल भरा, सीक्वेन्स फास्टा फाइलमधून (सीक्वेन्स साठवायची साधी टेक्स्ट फाइल) इम्पोर्ट करा, हाताने टाइप करू नका. प्रत्येकाला मॉलिक्युल टाइप (रेणूचा प्रकार) आणि ऑर्गनिझम (तो कुठल्या जिवाचा) द्यावाच लागतो. प्रायमर माणसाच्या जीनसाठी असला तरी तो लॅबमध्ये बनवलेला आहे, म्हणून ऑर्गनिझममध्ये सिंथेटिक कन्स्ट्रक्ट आणि मॉलिक्युल टाइप अदर डीएनए. आरएनए असेल तरी यू च्या जागी टी लिहायचा, हे बघून पोरं दचकतात पण बरोबर आहे. अमिनो अ‍ॅसिड एका अक्षरात, जुन्यासारखं तीन अक्षरांत नाही.

व्हॅलिडेट दाबा. एरर सगळे काढा, वॉर्निंग वाचून ठरवा. काही बदल लागला तर प्रोजेक्टमध्ये करून एक्सएमएल परत काढा, नोटपॅडमध्ये उघडून हात लावू नका. आणि हे नीट लक्षात घ्या, सॉफ्टवेअर फक्त फाइलची रचना तपासतं, तुमच्या क्लोनमध्ये (लॅबमध्ये बनवलेल्या डीएनएच्या कॉपीत) जी च्या जागी ए पडलाय का किंवा एखादा सीक्वेन्स यादीत आलाच नाही हे त्याला कळणार नाही. म्हणून आमच्याकडे दोघं बसतात, एक जण लॅबच्या फाइलमधून लांबी, पहिली दहा आणि शेवटची दहा अक्षरं मोठ्याने वाचतो, दुसरा स्क्रीनवर बोट ठेवून बघतो, आणि छोटे असतील ते पूर्णच वाचतो. चाळीस सीक्वेन्स असले तर दुपार जाते. जाऊ दे. मगच मुंबईच्या पेटंट ऑफिसला, गुजरातचे अर्ज तिथेच जातात, ऑनलाइन सबमिट करायचं.