हॉल आणि काचेच्या खोलीमधली भिंत काढायची असेल तर

नागपुरात आजकाल बऱ्याच जणांनी मागच्या छपरीला किंवा व्हरांड्याला काचा लावून मस्त बसायची खोली करून घेतली आहे, आणि एकदा ती झाली की घरात कोणीतरी म्हणतंच की ही मधली भिंत काढून टाकू ना, हॉल मोठा दिसेल. दिसतो मोठा, उजेडही येतो. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ती काचेची खोली भट्टी होते आणि मधे भिंत नसली की ती भट्टी थेट हॉलमधे. कूलरने दोन्ही खोल्या थंड होतील असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका बाप्पा.

म्हणून माझं मत सरळ आहे, भिंत काढा पण त्या जागी बंद होणारा दरवाजा ठेवा. मोठा स्लाइडिंग किंवा फोल्डिंग, यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकच्या चौकटीचा) चालतो. हिवाळ्यात पूर्ण उघडा, उन्हाळ्यात दुपारी बंद.

छताचं पण बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, त्यामुळे दक्षिणेच्या काचेचा तेव्हा फार त्रास नाही. खरा त्रास काचेच्या छताचा आणि पश्चिमेच्या काचेचा. छत पफ पॅनलचं (दोन पत्र्यांमधे फोम असतो ते) करा आणि पश्चिमेला बाहेरून बांबूची चिक लावा, आतल्या पडद्याने ऊन थांबत नाही, काच तापून गरमी आत आलेलीच असते.

आता भिंत. महाल, धरमपेठकडच्या जुन्या घरांत ९ इंची भिंतीवरच स्लॅब बसलेला असतो, तिथे मिस्त्री "काही होत नाही साहेब" म्हणाला तरी इंजिनियरने बघितल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही. कॉलम-बीमचं घर असेल तर बहुतेक भिंती फक्त भरलेल्या असतात, स्लॅबचं वजन घेत नाहीत, तरी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवाच, त्याची फी स्लॅबला तडा जाण्यापेक्षा स्वस्त पडते. परवानगीचं महापालिका की नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) हे तुमचा लेआउट कोणाकडे आहे त्यावर, आणि काचेची खोली मार्जिनच्या, म्हणजे प्लॉटच्या हद्दीलगत मोकळी सोडायच्या जागेत असेल तर ते आधी निपटवा.

भार घेणारी भिंत असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू. मग वरच्या बाजूला भिंतीच्या अर्ध्या जाडीत आडवी खाच कापून त्यात लोखंडी चॅनल बसवायचा, वरची फट नॉन-श्रिंक (सुकल्यावर न आकसणाऱ्या) ग्राउटने ठासून भरायची, ती पक्की झाली की दुसऱ्या बाजूने तसंच, आणि दोन्ही चॅनल बोल्टने एकमेकांना आवळायचे. त्यानंतरच खालच्या विटा काढायच्या, वरून खाली, हाताने छिन्नी-हातोड्याने, ब्रेकर मशीन नको. चॅनलचा साइज आणि दोन्ही टोकांना तो भिंतीवर किती टेकवायचा ते इंजिनियरच सांगेल. कोपऱ्यापासून निदान दोन फूट भिंत तशीच सोडा. चॅनलऐवजी आरसीसी बीम टाकत असाल तर खालचे टेकू निदान १४ दिवस हलवायचे नाहीत, मिस्त्रीला दुसऱ्या साइटवर सामान पाहिजे असतं म्हणून तो घाई करतो, त्याचं ऐकायचं नाही.

छिन्नी लावण्याआधी बोर्ड आणि पाइप कुठून गेलेत ते बघून मेन स्विच बंद करा, हे सांगायला नको पण सांगतो.

आणखी एक म्हणजे आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घराचा पाया खोल आणि काचेच्या खोलीचा उथळ, त्यामुळे दोन्ही वेगवेगळे हलतात. जोडावर सिमेंट भरून पुट्टी मारली की वर्षभरात रेघ उमटतेच. तिथे अर्धा इंच फट ठेवून आत फोम रॉड आणि वरून पीयू सीलंट (रबरासारखा लवचिक राहणारा) भरा, फ्लोअरिंगमधेही त्याच रेषेत जोड ठेवा. बाहेरून छत जिथे भिंतीला लागतं तिथे भिंतीत खाच मारून पत्र्याची पट्टी आत वळवून घ्या, नुसता सिलिकॉन एक उन्हाळा काढतो आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी थेट हॉलमधे. काचेच्या खोलीची फरशी हॉलपेक्षा थोडी खाली आणि उतार बाहेरच्या बाजूला.

काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत संपवा. एप्रिलमधे काँक्रीटचं काम काढलं तर पाणी मारून मारून थकाल, आणि मजूरही दुपारी बारानंतर मिळत नाही.