घर विकण्याआधी विकणाऱ्याने स्वतः पाहायचे कागद

मराठवाड्यात घराचा व्यवहार बहुधा नावापाशी अडतो. घर मयत वडिलांच्या नावे आणि इसार मात्र एकट्या भावाने घेतलेला, अशी स्थिती असली की खरेदीदाराचा वकील पहिल्याच भेटीत कागद परत करतो. म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी शहरात नगर भूमापन कार्यालयातून पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) आणि गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा काढावा. हा उतारा कर आकारणीचा असल्याने त्याच्या जोडीला मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र लागतेच.

वारस नोंद करताना बहिणींना वगळू नये. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. बहीण स्वखुशीने हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे. नसेल तर तिला हिश्शाची रक्कम देऊन खरेदीखतावर तिची सही घ्यावी. माझ्या मते हे बोलणे इसार घेण्यापूर्वीच व्हावे, कारण रक्कम हाती आल्यावर घरातली बोलणी फार कडू होतात.

दुसरी अडचण जमिनीच्या प्रकाराची. निजामकाळातील इनाम, मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेले इनाम) किंवा देवस्थानाच्या जमिनीवर घर उभे असेल, तर तहसीलमधून 1954-55 चे खासरा पत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद) व जुने फेरफार काढून पाहावेत. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन, असा शेरा आढळल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून पुढे जाऊ नये. छत्रपती संभाजीनगरात ज्यांनी बाँडवर (नोंदणी न केलेल्या स्टॅम्पपेपरवर) प्लॉट घेतला, त्यांच्याकडे त्या बाँडने मालकी आलेलीच नाही. तेथे मूळ मालकाकडून नोंदणीकृत खरेदीखत आणि गुंठेवारी (विनापरवाना पाडलेल्या लहान प्लॉटच्या) कायद्याखाली नियमितीकरण ही दोन्ही कामे आधी उरकावीत.

इसाराची 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. खरेदीखतात चतुःसीमा, क्षेत्रफळ, मिळकत आपल्याकडे कशी आली आणि बँकेचा बोजा असल्यास तो स्पष्ट लिहावा. मालकी हक्कातील माहीत असलेला दोष लपवणे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 विरुद्ध आहे. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याखेरीज किंवा डिमांड ड्राफ्ट हाती आल्याखेरीज "भरून पावलो" या मजकुराखाली सही करू नये. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकांपुढे सादर करावा लागतो, तरी दोन्ही कामे एकाच दिवशी करणे उत्तम.