लॅबमध्ये ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

दरवर्षी पावसाळ्यात लॅबमध्ये नवी मंडळी येतात. कोरा ॲप्रन, खिशात मार्कर आणि तोंडी एकच वाक्य, "राहील की लक्षात, मॅडम." मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांची लेबलं वाचण्यात गेली. पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. आमच्याच बाकांवर नेपाळ, येमेन, इथिओपिया एका वेळी बसून गेलेत. मुलगा सदाशिव पेठेतला असो की आदिस अबाबाचा, चुका मात्र त्याच. दरवेळी नव्याने ओरडण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे लेबल. प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीवर, जिवाणू, माध्यम (त्यांचं खाद्य), आपलं नाव, तारीख एवढं लिहायला वीस सेकंद लागतात. त्याऐवजी लोक ‘एस-1’ लिहून मोकळे होतात. एस म्हणजे सॉइल, सॅम्पल की स्वतःच्या नावाचं आद्याक्षर, हे तिसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. पण लेबल पूर्ण असूनही घात होतो, तो कसा ते ऐका.

2017 चा मे महिना. इथिओपियाहून पीएचडीला आलेला एक विद्यार्थी मुळशीकडच्या मातीतून ॲक्टिनोमायसिटिस नावाचे जिवाणू वेगळे करत होता. हे जीव ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जिवाणूसारखे रात्रीत उगवत नाहीत, 28 अंशांना आठवडा-दोन आठवडे वाट बघायला लावतात. वाढले की पहिल्या पावसाचा वास सुटतो, कारण मातीला तो वास देणारं जिओस्मिन हेच जीव बनवतात. (मुद्दाम हुंगायला जाऊ नका, आपोआप येतो.) पोरगा मन लावून काम करणारा. चौतीस प्लेट्स, प्रत्येकीला पॅराफिल्म (कडा बंद करायची ताणली जाणारी पट्टी), सगळ्या ओळीने फ्रीजमध्ये. लेबल सुवाच्य. तारीख: 10/9/09.

महिनाअखेरीला फ्रीज आवरायला काढला. नव्या ट्रेनीला मी म्हटलं, "जुनं सगळं काढ गं." तिने 2009 वाचलं, आठ वर्षं कोणी प्लेट्स ठेवतं का म्हणून नाक मुरडलं आणि चौतीसच्या चौतीस डिस्कार्डच्या पिशवीत भरल्या. ऑटोक्लेव्ह, म्हणजे लॅबचा प्रेशर कुकर, 121 अंश, 15 पौंड दाब, विषय संपला. संध्याकाळी तो आला आणि फ्रीजचं दार उघडून नुसता उभा राहिला. "ताई मॅम, माय प्लेट्स?" ‘ताई’ त्याने पोरांकडून उचललं होतं आणि ‘मॅम’ काही सुटत नव्हतं.

मग उलगडा झाला. इथिओपियाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं आणि त्यात तेरा महिने असतात. त्यांचा 10/9/09 म्हणजे आपली 18 मे 2017. प्लेट्स जेमतेम दहा दिवसांच्या होत्या. त्यांच्या घड्याळाचे तासही दिवस उजाडल्यापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. रात्री एकटा बसून लेबलं लिहिताना हात घरच्या सवयीवर गेला, एवढंच. हसू नका. आपल्या सरकारी पंचांगाप्रमाणे तो दिवस 28 वैशाख, शके 1939 होता. ते बाहेरदेशीच्या लॅबमध्ये प्लेटवर लिहून बघा, काय होतं ते.

दोष कोणाचा, यावर चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. माझ्या मते त्याचा थोडा, ट्रेनीचा त्याहून कमी आणि माझा सगळ्यात जास्त. ‘जुनं’ म्हणजे किती जुनं हे मी सांगितलं नाही आणि पिशवी ऑटोक्लेव्हला लावण्याआधी आत डोकावलेही नाही. पण खरा घाव दुसरीकडेच बसला. ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे गोठवून ठेवायचे राखीव नमुने, केलेलेच नव्हते, ते ‘उद्या’ करायचे होते. विकत आणलेला स्ट्रेन (जिवाणूचा वाण) मेला तर पुन्हा मागवता येतो. आपण मातीतून काढलेला गेला की गेला. जूनमध्ये पाऊस लागला, मातीचा चिखल झाला, पुन्हा नमुने घ्यायला ऑक्टोबर उजाडला.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा की कॉलनी (प्लेटवर वाढलेला जिवाणूंचा ठिपका) शुद्ध दिसली की त्याच दिवशी कल्चर वाढवायला घ्यायचं. वाढलं की 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये दोन व्हायल (छोट्या कुप्या), उणे 80 च्या फ्रीजरला, दोन वेगळ्या खणांत. तारखेत महिना अक्षरांत. आणि दुसऱ्याची प्लेट टाकायची तर आधी त्याची सही. फ्रीजच्या दारावर त्यानेच, शब्द आमच्याकडून घेऊन, मराठीत पाटी लावली: ‘येथील प्लेट्स मालकास विचारल्याशिवाय टाकू नयेत. तारीख समजत नसल्यास ती आपली अडचण आहे.’ पुण्याचं पाणी लागलं, दुसरं काय.

आता घाईची चूक. ऑटोक्लेव्हमधून माध्यमाचा फ्लास्क काढला, वाफा निघतायत आणि साहेब त्यात ॲम्पिसिलिन हे अँटिबायोटिक ओततायत. उकळत्या दुधात विरजण घालाल का? बोट बुडवून कोमट आहे की नाही बघाल ना? मग इथे काय होतं? ॲम्पिसिलिन उष्णतेने मोडतं. मोडलेल्या औषधाच्या प्लेटवर प्लाझ्मिड (औषधापासून वाचवणारं जनुक असलेलं डीएनएचं कडं) न घेतलेल्या पेशीही आनंदाने वाढतात आणि दुसऱ्या दिवशी पोरगी नाचत येते, "मॅडम, ट्रान्सफॉर्मेशन (पेशीत प्लाझ्मिड घालणं) भारी झालं, कॉलन्या मोजताच येत नाहीयेत!" येणार कशा? औषधच मोडलेलं.

मी फ्लास्क 50 अंशांच्या वॉटरबाथमध्ये ठेवते. मग तळहातावर धरून दहापर्यंत मोजते. धरवला तर औषध, नाही धरवला तर परत बाथमध्ये. थर्मामीटर का नाही, असं विचारणारे असतात. असेल तर वापरा, माझा हात अजून चुकलेला नाही. उलट फार वेळ गप्पा मारल्या तर 40 च्या खाली आगर (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) गोठायला लागतं आणि प्लेटमध्ये गुठळ्या पडतात. तेही बघितलंय. आणि प्लाझ्मिड नसलेल्या पेशींची एक प्लेट सोबत हवीच. तिच्यावर काही उगवलं तर बाकीच्या प्लेट्सचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. खऱ्या कॉलनीभोवती बारक्या कॉलन्यांचं कडं दिसलं तर प्लेट जास्त वेळ ठेवलीत. मोठ्या कॉलनीने सोडलेलं बीटा-लॅक्टमेज आजूबाजूचं औषध खातं आणि फुकटे वाढतात. सोळा-अठरा तास पुरे.

आगरच्या नावाने कटकट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या लॅबमध्ये जिलेटिनवर जिवाणू वाढवत, आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसेला त्याच्या बायकोने, फॅनीने, आगर सुचवलं. ती स्वयंपाकात वापरायची. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये जिलेटिनचं काय झालं असतं, विचार करा आणि गुमान फ्लास्क हलवा.

बाकीच्या चुका पटापट. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात, तळाला लिहा. प्लेट उलटी ठेवा, नाहीतर झाकणाचं पाणी कॉलन्यांवर टपकतं. निर्जंतुकीला 70 टक्के अल्कोहोल घ्या. शुद्ध अल्कोहोल ‘जास्त स्ट्राँग’ नसतं, प्रथिनं मोडायला पाणी लागतं. ते हाताला चोळून लगेच बर्नरपाशी जाणाऱ्याच्या भुवया मी जळताना पाहिल्यात. ऑटोक्लेव्हला बाटलीचं बूच घट्ट लावू नका. ओली छत्री आत आणू नका, पावसाळ्यात बुरशीला तेवढंही पुरतं.

कागदपत्रांबाबत परदेशी मित्राला कोणी वेळेवर सांगत नाही, म्हणून सांगते. 180 दिवसांहून मोठा स्टुडंट व्हिसा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत एफआरआरओची (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची) नोंदणी लागते. आणि तो भारतीय नागरिक नसेल तर इथली माती, पानं, जिवाणू संशोधनासाठी घेण्याआधी 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी हवी. ‘एवढीशी तर डबी आहे’ हे कारण चालत नाही. गाईडनेही आधी अर्ज बघावा, मग कुदळ.

शेवटची चूक मराठी माणसांची. कामाच्या सूचना आपण चहा घेताना मराठीत देतो आणि धरून चालतो की सगळ्यांना कळलं. पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जायचा तो बहुधा गुरुवारी. बीओडी म्हणजे प्लेट्स ठरलेल्या तापमानाला ठेवायचं कपाट. "उद्या बीओडी बघा रे" म्हटलं की आपली पोरं माना डोलावतात आणि नेपाळची मुलगी कप धुवायला उठते. मे महिन्यात बंद बीओडीतल्या 28 अंशांचे 36 व्हायला वेळ लागत नाही. आमच्या बीओडीला तर लाइट परत आला की आपोआप 37 वर जायची खोड आहे. नेपाळची मुलगी तो आकडा बघत नाही, कारण तिला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आता बीओडीच्या दाराला फळा टांगलाय. गुरुवारचं सगळं बुधवारी त्यावर, इंग्रजीत.

आज बुधवार. फळा लिहून झालाय आणि सगळ्यांनी आपापल्या प्लेट्स तळमजल्याच्या बीओडीत हलवल्यात, फक्त खालच्या कप्प्यात पाच उरल्यात. नाव नाही, तारीख नाही. झाकणावर नुसतं ‘एस-1’.