किलोमीटरला पाच पैसे: कन्याकुमारी ते श्रीनगर, पावती पुस्तकासह

मी लाइनमन आहे. पोलवर चढण्याआधी सप्लाय बंद आहे का, हे स्वतः तपासायचं, दुसऱ्याच्या तोंडी भरवशावर नाही, ही आमच्या धंद्याची शिकवण. कुणाच्या मदतीसाठी वर्गणी गोळा करत मोटारसायकलवर देश ओलांडायचा तर तीच शिकवण पैशाला लावा. गाडी चालवणं त्यामानानं सोपं आहे.

२०२२ साली मी ऊसतोड मजुरांच्या मुलींच्या वसतिगृहासाठी माजलगावहून महाराष्ट्रात एक फेरी केली. देणग्या माझ्याच खात्यावर घेतल्या, कारण ते सोपं पडलं. सगळे पैसे पोचवले. तरी महिन्याभरात चहाच्या टपरीवर ऐकायला मिळालं, "लाइनमननं गाडीला नवे टायर टाकले, वर्गणीतून वाटतं." टायर माझ्या बोनसचे होते. पण मी कुणाकुणाला सांगत फिरणार?

म्हणून पहिलं काम हे: पैसा तुमच्या हातातून जाऊच देऊ नका. ज्या संस्थेसाठी जाताय तिची धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी आहे का आणि देणगीवर आयकर सवलत देणारं ८०जी प्रमाणपत्र आहे का, ते कागद डोळ्यांनी बघा. देणगीदारानं थेट संस्थेच्या खात्यावर भरायचं. जुन्या करपद्धतीत सवलत हवी असणाऱ्याचा पॅन घ्या आणि त्याला आधीच सांगा, की दोन हजारांच्या वर रोख दिले तर सवलत मिळत नाही. नोंदणी नसलेल्या मित्रमंडळाच्या नावानं वर्गणी मागायची असेल, तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्या.

नुसतं "मदत करा" म्हटलं की माणूस शंभर रुपये देतो आणि विसरतो. म्हणून दुसऱ्या वेळी, कन्याकुमारी ते श्रीनगर फेरीसाठी, मी दर मागितला, किलोमीटरला किती देणार? शाळेतल्या शिपायानं पाच पैसे लिहिले, एका कापड दुकानदारानं दोन रुपये. राष्ट्रीय महामार्ग ४४ कन्याकुमारीपासून श्रीनगरपर्यंत जातो. हिशेबाला ३,७०० किलोमीटर धरले, वाट चुकलो तर ते माझ्या खात्यात. पाच पैशेवाल्याचे १८५ रुपये होतात आणि तो रोज विचारतो, "कुठवर आलास?" ६३ जणांचा मिळून दर ३१ रुपये ४० पैसे झाला, म्हणजे १,१६,१८० रुपये. निम्मे निघण्याआधी घ्या. पोचल्यावर लोकांचा उत्साह उतरलेला असतो.

पेट्रोल, मुक्काम, जेवण यातला एक रुपयाही देणगीतून नाही. माझे एकतीस हजार गेले, वर्षभर बाजूला टाकत होतो. तुमची तेवढी सोय नसेल तर जवळचा पल्ला घ्या, त्यात कमीपणा नाही.

तारीख ठरवताना नकाशा आणि पंचांग दोन्ही बघा. डिसेंबर-जानेवारीत हरियाणा-पंजाबात धुकं आणि काश्मिरात बर्फ. एप्रिलनंतर तेलंगण-विदर्भात डांबर तापतं. तामिळनाडूचा मोठा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर लागतो. मी २०२४ च्या सप्टेंबरअखेर निघालो. आणखी एक कारण होतं. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, कारखान्याकडं निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दोघांनाही जावं लागतं, आणि मुलगी वसतिगृहात राहिली नाही तर बैलगाडीत बसून फडावर जाते. पैसा त्याआधी पोचला पाहिजे.

गाडी माझी पल्सर दीडशे, २०१४ ची. मोठी गाडी लागतेच असं नाही. ज्या गाडीचा आवाज तुम्हाला पाठ आहे ती न्या. निघण्याआधी पंधरा दिवस सर्व्हिसिंग करा. आदल्या दिवशी केलं तर मेकॅनिकची चूक तुम्हाला महामार्गावर सापडेल. टायर, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट अर्धे झिजलेले असतील तरी बदला. सोबत प्लग, फ्यूज, ट्यूबलेसचं पंक्चर किट, छोटा पंप. क्लच वायरीची युक्ती मात्र नीट ऐका: नवी वायर पिशवीत ठेवू नका. जुनीच्या शेजारून, हँडलपासून इंजिनापर्यंत त्याच वळणानं आत्ताच ओढून घ्या आणि इन्सुलेशन टेपनं बांधून ठेवा. दोन्ही टोकांवर प्लास्टिक गुंडाळा, पाणी शिरत नाही. जुनी तुटली की फक्त टोकं अडकवायची. माझी अनंतपूरच्या पुढं तुटली, दहा मिनिटांत गाडी चालू. आम्ही लाइनला स्पेअर फेज, म्हणजे जादा वायर, ठेवतो तसंच हे.

चेनला दर पाचशे किलोमीटरला वंगण, तेही संध्याकाळी, चेन गरम असताना. सकाळी घाईत लावलं तर निम्मं मागच्या रिमवर उडतं.

कन्याकुमारीपर्यंत गाडी रेल्वेनं पाठवा. पुणे-कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापूरवरून जाते, पण पार्सल पुण्यालाच चढवा. मधल्या स्टेशनवरच्या थोड्या मिनिटांत गाडी डब्यात चढेलच याचा नेम नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची प्रत लागते. आरसे काढून ठेवा, गोणपाट बांधून घ्या आणि नाव-ठिकाण पुठ्ठ्यावर दोन जागी लिहा. परतीला जम्मूहून पुण्याला झेलम एक्सप्रेस आहे. विम्याची मुदत बघा, त्यात मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा आहे का तेही बघा. काश्मिरात बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या.

रोज तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर पुरेत. मी बारा दिवस चालवली आणि दोन दिवस थांबलो. पहाटे साडेपाचला निघायचं, दुपारी तीनला खोली बघायची. अंधारात चालवायचीच नाही. बिनलाइटचा ट्रॅक्टर समोरून उलटा येतो तेव्हा तुमची समाजसेवा त्याला दिसत नसते. दर ऐंशी किलोमीटरला उतरून दहा मिनिटं चाला. आणि जे कुणी लिहीत नाही ते मी लिहितो: बसायची जागा सोलवटते. जाड शिवणीची चड्डी घालू नका, सायकलवाल्यांची पॅडची घ्या. सीटवर पंचा घाला, घामानं भिजला की बदला.

कन्याकुमारी सोडल्यापासून तिरुनेलवेलीपर्यंत पवनचक्क्याच पवनचक्क्या, आणि वारा डावीकडून. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना गाडी एकदम ढकलली जाते, हँडल घट्ट आवळू नका, अंग सैल ठेवा. सेलमच्या पुढं तोप्पूर घाट आहे, तिथं जड ट्रकच्या मागं राहू नका. हैदराबादच्या बाहेरच्या रिंगरोडवर दुचाकीला बंदी आहे, म्हणून शहरातून पहाटेच निघा. बाकी मैदानी रस्ता सरळ आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

पैनगंगा ओलांडली आणि पाट्या मराठीत आल्या. पांढरकवड्याला चहा घेतला. गाडीवरचा बोर्ड वाचून टपरीवाल्यानं गल्ल्यातली वीसची नोट पुढं केली. संस्थेचं पावती पुस्तक माझ्या टाकीवरच्या पिशवीत होतं. तो म्हणाला, "वीस रुपयाची पावती कायले लिहिता भाऊ?" मी लिहिली. पावती क्रमांक ४१, रुपये वीस, रोख. त्यानं ती पुसून घेतलेल्या हातानं धरली आणि साखरेच्या डब्यामागं उभी करून ठेवली. चहाचे पैसे घेतले, तेही बरं केलं. वाटेतली रोकड रोज संध्याकाळी मोजून, पावतीच्या स्थळप्रतीबरोबर फोटो काढून, त्याच दिवशी संस्थेकडं ऑनलाइन भरा. तोच फोटो देणगीदारांच्या ग्रुपवर टाका. सोबत सकाळ-संध्याकाळच्या मीटरचा फोटो आणि पंपाचं बिल. सेल्फी नसल्या तरी चालतं, माझ्या ग्रुपवर कुणी मागितल्या नाहीत.

उधमपूरनंतर घाई सोडा. वाहतूक पोलिस जम्मू-श्रीनगर रस्त्याची सूचना रोज काढतात, ती वाचल्याशिवाय निघू नका. रामबन ते बनिहाल या पट्ट्यात पावसानं दरड येते, वरून दगड सुटतात. माझे तिथं चार तास गेले. चेनानी-नाशरीचा बोगदा नऊ किलोमीटरच्या वर आहे. आत शिरण्याआधी काळा गॉगल काढा, मी विसरलो होतो.

श्रीनगरला पोचलात की काम संपलं असं समजू नका. घरी आल्यावर आठ दिवसांत हिशेब लिहा. माझ्या कागदावर ठरलेले १,१६,१८०, आलेले १,१०,२६०, न आलेले ५,९२० असं स्पष्ट आहे. बाकी चौघांकडं आहे, त्यांची नावं लिहिली नाहीत, एकेक फोन केला आणि सोडून दिलं. वाटेतली रोकड वेगळ्या ओळीत, पावती क्रमांकांसह. एक प्रत वसतिगृहाला दिली, एक ग्रुपवर टाकली. तिसरी, जिथं टायरची चर्चा झाली त्या चहाच्या टपरीच्या खांबावर लावली, इन्सुलेशन टेपनं. पावसात सुटत नाही ती.